हिरवळीवरचे कान

शहात्तर सालच्या श्रावणात एका सकाळी पाऊस उघडला, तेव्हा निवृत्त सुभेदार हंबीररावांच्या कराडच्या बंगल्यापुढं, हिरवळीवर गुलाबी अळंबी उगवली होती. हुबेहूब माणसाच्या कानासारखी.

ओळखायला त्यांनी शेजारच्या मानसिंगला हाक मारली. तो कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा.

"असली जात कवा बघितली न्हाई, आबा," म्हणत मानसिंगनं एक कान चिमटीत धरून ओढला. कान उबदार लागला.

"आई गं! माझा कान कुणी वढला?" स्वयंपाकघरातून सुभेदारांची बायको अंजना ओरडली.

दोघांना हसू आवरेना. हंबीरराव गुडघ्यांवर बसले आणि त्याच कानात कुजबुजले, "च्या टाक की गं."

"टाकलाय, आवं!" आतून लगेच उत्तर आलं.

ही गंमत दाखवायला त्यांनी तिला बाहेर बोलावलं. दोन्ही हातांत कप घेऊन अंजना हसतच आली. तिचा एक कान लालबुंद झाला होता. ती काहीतरी बोलायला गेली. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

तेवढ्यात पायाशी गवत हललं. ओली माती सारून दोन गुलाबी ओठ वर आले आणि अंजनाच्याच आवाजात म्हणाले, "आवं, कप धरा की. लय भाजतंय."