दोन दारांची कंपनी

“तिथे नका बसू. ती त्याची खुर्ची आहे,” थोरला म्हणाला. मॅडम अर्ध्या बसल्या होत्या, तशाच उठल्या.

मॅडम म्हणजे कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयातल्या तपास अधिकारी. ऑफिसात त्यांना सगळे ‘चाळणी’ म्हणायचे, अर्थात त्यांच्या पाठीमागे. कुठल्या कंपनीनं दारावर पाटी लावलेली नाही, कुठला संचालक फक्त कागदावरच जिवंत आहे, सगळं त्यांच्या चाळणीत अडकायचं. आज त्यांच्या पिशवीत एक निनावी तक्रार होती. बिजागऱ्या बनवणाऱ्या या कंपनीच्या दोन संचालकांनी तिमाही संपत आली तरी बैठक घेतलेली नाही, सरकारनं जातीनं लक्ष घालावं.

कंपनी मूळ वडिलांची. ते गेले आणि दोघा भावांची जुंपली. बिजागरी पितळेचीच हवी, असं थोरल्याचं म्हणणं. लोखंडाची, असं धाकट्याचं. बस, एवढंच. पण दोघंही एकाच बापाचे, त्यामुळे कारखाना बंद पडला तरी माघार कुणी घेईना. शेवटी घराच्या मधोमध भिंत आली. दोघांत सामाईक उरली ती फक्त ही खोली, कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय. तिला दोन दारं. एक थोरल्याच्या घरात उघडायचं, दुसरं धाकट्याच्या.

“सध्या काय बनवता?” मॅडमनी विचारलं.

“काही नाही.”

“मग विकता काय?”

“बनवतच नाही तर विकणार काय, कपाळ?”

“मग बंद करून टाका की. एक अर्ज द्या, मीच घेऊन जाते. तुमची कटकट संपेल, माझीही.”

“बंद नाही करायची.”

“मग बैठक दाखवा. दोघं समोरासमोर बसलेले मला दिसले पाहिजेत. कारखाना बंद, विक्री बंद आणि बैठकही बंद, तर मी नोंदणी रद्द करा असंच लिहून देणार. आजच.”

थोरल्याचा चेहरा पार उतरला. त्याची नजर पलीकडच्या दाराकडे गेली, तशी मॅडमचीही गेली. चाळणीच ती, तिच्यातून काय सुटणार? मघाशी त्या थोरल्याच्या दारानं आत आल्या, तेव्हा त्याच्या पितळी बिजागऱ्यांनी अशी किंकाळी फोडली होती की मॅडम दचकल्या होत्या. धाकट्याच्या दाराच्या बिजागऱ्या लोखंडी होत्या. पण त्यांच्यावर गंजाचा ठिपका नव्हता. तेल चमकत होतं, तेही ताजं. आणि तेलाची बाटली थोरल्याच्या खुर्चीखाली होती.

मॅडमना वाटलं, भावाची वाट बघणारा हाच, सापडला चोर.

“तक्रार तुम्हीच केलीत ना?”

“मी?” थोरला खुर्चीतून उठलाच. “मॅडम, आमचं बोलणं बंद आहे. लग्नकार्यालासुद्धा एकमेकांकडे जात नाही. कायदा म्हणतो बसा, म्हणून तो दर तिमाहीला येऊन बसतो. यावेळी ठरल्या दिवशी आला नाही. वाट बघितली मी. पण कंपनीच गेली तर तो या दारानं कशाला यायचा? असली तक्रार करून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग उठून पलीकडच्या दारावर टकटक केली.

दार लगेच उघडलं, आवाजही न करता. समोर धाकटा उभा होता. एका पायाला पट्टी, हातात काठी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

“सरकारी हुकूम आहे म्हणून आलोय,” तो भिंतीकडे बघत म्हणाला आणि आपल्या खुर्चीत बसला.

“मॅडम, त्यांना विचारा, पायाला काय झालं?”

“मॅडम, त्यांना सांगा, जिन्यावरून पडलो. बैठकीच्या आदल्या दिवशी.”

“त्यांना विचारा, मग कळवायला काय झालं होतं?”

“त्यांना सांगा, आमचं बोलणं बंद आहे.”

मॅडमची मान बिजागरीसारखी इकडून तिकडे, तिकडून इकडे. इतक्या कंपन्या तपासल्या, पण त्यांचं असं दार कुणी केलं नव्हतं.

“पट्टी किती सैल बांधलीय,” थोरला म्हणाला.

यात मॅडम कुठेच नव्हत्या. तिघांच्याही ते एकदमच लक्षात आलं.

“मग घट्ट बांध,” धाकटा म्हणाला.

थोरला गुडघे कुरकुरवत खाली बसला. पट्टी बांधून झाली, सोडून झाली, परत बांधून झाली. पट्टी लोखंडासारखी आवळलीस, असं धाकटा म्हणाला. पितळ असतं तर केव्हाच वाकलं असतं, असं चक्क थोरला म्हणाला. मॅडमनी गुपचूप लिहून टाकलं: बैठक झाली, चर्चा समाधानकारक.

त्या रस्त्यावर आल्या, तेवढ्यात मागून काठीची टकटक ऐकू आली. धाकटा आपल्या घराच्या बाजूनं वळसा घालून आला होता. त्याला धाप लागली होती. त्यानं आधी थोरल्याच्या खिडकीकडे बघितलं. मग आवाज एकदम खाली आणला.

“मॅडम, एकदा बैठक चुकली ना, की मग आपणहून दार उघडायला लाज वाटते हो. पुढच्या वेळी मी असाच अडून बसलो, तर तक्रार ऑफिसऐवजी थेट तुम्हालाच पाठवू का?”