बुरशीचा श्वास

खमीसकाकांच्या रक्तात पुन्हा बुरशी सापडली होती. डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीवर तिचा थर बसला होता; औषध त्यात शिरत नव्हतं. "तुझ्या प्रयोगशाळेत हा थर जमतच नाही म्हणे?" काकांनी डॉक्टर रौदाला विचारलं. "बुरशीच्या पेशींचा श्वास कोंडला की नाही जमत." "मग कोंड की!" "त्या औषधाने तुमच्याही पेशी गुदमरतील, काका." जन्मभर स्फाक्स बंदराजवळच्या समुद्रात बुड्या मारून स्पंज काढलेले काका हसले. "श्वास कोंडणं तू मला शिकवतेस होय, पोरी?" रौदा हसली नाही. इतकी वर्षं त्याच बुरशीमागे घालवून तिच्या हाती नळी उपटणंच उरलं. तिने टाके कापले, नळी ओढली, जखम दाबून धरली. "पुढची मांडीत घालू, काका." "घाल. सकाळपासून उभी आहेस, टेक जरा," म्हणत काकांनी पाय आखडून पलंगावर तिला जागा केली.