गाळलेली पायरी

"ताई, सरांनी इथे नुसतं 'हे उघड आहे' लिहिलंय." बाबांच्या शेवटच्या विद्यार्थिनीने त्यांची वही माझ्यापुढे सरकवली.

अणूएवढ्या बारीक तारेत इलेक्ट्रॉन एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. एक हलला की सगळी रांग हलते. त्यावरचा बाबांचा शोधनिबंध ते गेल्यावर या एका गाळलेल्या पायरीसाठी नियतकालिकाकडून परत आला होता.

"महिना गेला. मला काहीच उघड दिसत नाही. तुमच्याशी कधी बोलले होते?"

बाबा? त्यांचा आजारही मला डॉक्टरांकडून कळला. जाब विचारला, तर बाबा म्हणाले, "त्यात सांगायचं काय? दिसतच होतं."

त्याआधी त्यांच्या कमरेच्या सैल पडलेल्या पट्ट्याला दोन नवी भोकं मीच पाडून दिली होती.

"निबंध तसाच पाठव," मी म्हणाले. "खाली लिही, आम्हाला दिसलं नाही."