सुरक्षा सप्ताहाचा स्क्रीनसेव्हर

कंत्राटी कामगार किसनची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली, आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीनं कुरुळीला त्याच्या घरी गाडी पाठवून त्याला कामावर आणून बसवलं. तो दोन दिवसांहून जास्त घरी राहिला असता तर अपघात सरकारदरबारी नोंदवावा लागला असता. वर सुरक्षा सप्ताहाच्या ग्रुप फोटोतही त्याला उभं केलं.

"रिसेप्शनच्या तिन्ही मॉनिटरवर हाच फोटो स्क्रीनसेव्हर म्हणून लाव," फॅक्टरी मॅनेजर रणजीतसर आयटीतल्या मंजुषाला म्हणाले. "एकच फोटो तिन्हींवर पसरव. फक्त किसनचं बँडेज दोन मॉनिटरच्या मधल्या फटीत जाईल असं बघ. उद्या सेफ्टी ऑडिटवाले येतायत."

मंजुषानं मुद्दाम दुसरा पर्याय निवडला, प्रत्येक मॉनिटरवर अख्खा फोटो. आता बँडेज बांधलेला तो हात तीनदा दिसत होता. नोकरी गेली तर गेली, असं तिनं ठरवून टाकलं.

सकाळी ऑडिटवाले यायच्या आधी किसनच तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"ताई, तेवढा हात झाका ना माझा," तो हळूच म्हणाला. "गप राहिलो तर पर्मनंट करतो म्हणालेत."