मोकळी टोकं

सोमा ड्रायव्हर टेम्पो घेऊन कॉलेजच्या दारात आला, तेव्हा भांड्यातलं काम पुरं व्हायला अजून सहा तास हवे होते.

"सायबांनी भांडं आत्ताच मागितलंय, सर."

सातपूरच्या एका कारखान्याने कॉलेजला वापरायला दिलेलं ते जाड पोलादी भांडं. रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर वाल्मीक गांगुर्डे चार वर्षं त्यात एकच गोष्ट करू पाहत होता : सोडावॉटरमध्ये भरतात त्या वायूचं प्लास्टिक. मुंबईहून आणलेल्या रसायनाची शेवटची बाटली आज आत होती.

"सोमाभाऊ, संध्याकाळपर्यंत थांबा. पाया पडतो."

"माझी नोकरी जाईल, सर."

वाल्मीकने तापलेलं भांडं गोधडीत गुंडाळलं आणि टेम्पोच्या मागे ते मांडीवर घेऊन बसला. ढवळणारी मोटर सुटली होती, म्हणून सातपूर येईपर्यंत तो स्वतःच ते हलवत राहिला. मांड्या भाजल्या, तरी थांबला नाही.

कारखान्याच्या आवारात त्याने वायू हळूहळू सोडला आणि झाकण काढलं. वेळ पुरा झाला नव्हता, तरी आत काचेसारखा स्वच्छ गोळा होता. ताणला तरी तुटेना. आधीच्या नऊ खेपांना नुसता पाक निघाला होता!

पण या प्लास्टिकच्या साखळीची टोकं अजून मोकळी होती. औषध घालून ती बांधली नाहीत, तर उष्णतेने साखळी उसवत जाते आणि पुन्हा पाकच उरतो. औषध कॉलेजात होतं. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि बस नुकतीच गेलेली.

"मला सोडता परत?"

"देवळालीची खेप हाय, सर." सोमा घुटमळला. मग त्याने डब्यातली भाकरी फडक्यात काढून ठेवली आणि रिकामा डबा पुढे केला. "यात न्या. टिकंल का पण?"

 वाल्मीकने गोळा डब्यात घातला, अंगातला सदरा काढून फाटकाजवळच्या नळाखाली भिजवला, डब्याभोवती गुंडाळला आणि कॉलेजकडे पळत सुटला.

त्र्यंबक रस्त्यावर त्याच्याच वर्गातल्या पोरांनी सायकली थांबवून बनियनवर धावणाऱ्या सरांना हाक मारली. त्याला ऐकू गेली नाही. दर पन्नास पावलांवर तो डबा कानाशी नेऊन हलवत होता. आत गोळा आपटतोय की काही डुचमळतंय, एवढंच ऐकत होता.