शेजारची थाळी

बाळंतपणासाठी दीपमाला पुरुषोत्तमनगरला माहेरी आली होती. आधीचं एक बाळ गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. टीव्हीवरच्या उडत्या वाघांच्या मालिकेचं तिला वेड. त्या मालिकेतल्या राजघराण्याचा जाडजूड काल्पनिक इतिहास तिनं मागवला होता आणि रोज दुपारी ती तो आईला, धनुबाईला, मोठ्यानं वाचून दाखवायची.

पहिला राजपुत्र जन्मला आणि भिंतीपलीकडे, शेजारच्या बंद घरात, थाळी वाजली. घरात बाळ जन्मल्यावर वाजवतात तशीच.

"कोन वाजाडी ऱ्हायनं व?" धनुबाई म्हणाली. "तठे ते कुलूप शे."

दुसऱ्या राजपुत्राच्या वेळीही ती वाजली. लढाया, लग्नं, राज्याभिषेक चालू असताना मात्र पलीकडे शांत असायचं. मायलेकींना भीती वाटायची ती हळूहळू गेली आणि गंमत वाटू लागली. थाळी वाजली की धनुबाई हसत लेकीच्या तोंडात गुळाचा खडा घालायची.

एके दुपारी पुस्तकातल्या राणीला मुलगी झाली. राजा रुसला, महालात कुणी दिवासुद्धा लावला नाही. पलीकडची थाळी मात्र त्या दिवशी कितीतरी वेळ वाजत राहिली. धनुबाईनं पदरानं डोळे पुसले.

दीपमालानं पुस्तक मिटून उशाशी ठेवलं.

थाळी पुन्हा वाजू लागली. या वेळी भिंतीच्या अलीकडून.

"आते काय वाचं व तू?" धनुबाईनं विचारलं.

"काहीच नही, माय," दीपमाला म्हणाली, आणि पहिली कळ येताच हसता हसता तिनं दोन्ही हातांनी पोट घट्ट धरलं.