कादंबरीसाठी आवरलेलं घर

घर बघायला येणारी माणसं वेळेआधी येतात, असं शर्मिलाने बजावलं होतं. शर्मिला तनुजाची कॉलेजमधली मैत्रीण आणि एका बालगृहात समुपदेशक, म्हणजे तिला माहीत असणार. तनुजाने हसण्यावारी नेलं. सरकारी माणूस आणि वेळेआधी?

आता बेल वाजली होती आणि आप्पासाहेब अजून घरातच होते.

खरं तर त्यांनी एव्हाना शेजारी जाऊन बसायला हवं होतं. आप्पासाहेब म्हणजे तनुजाचे सासरे. हयात मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारण्यात गेलेली. त्यांचं कुजबुजणं समोरच्या बिल्डिंगला ऐकू जायचं. तनुजाने त्यांना स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या कडेला उभं केलं. श्वाससुद्धा हळू घ्या म्हणाली, आणि बाहेरून कडी लावली.

तिची धाकटी बहीण पूर्वा बेल्जियममध्ये, एकटी, मणक्याचं ऑपरेशन होऊन हॉस्पिटलात पडलेली होती. पूर्वाची सहा वर्षांची मुलगी, कादंबरी, तिथल्या बालगृहात होती. मावशी तिला पुण्यात आणायला एका पायावर तयार, पण मध्ये नियम होता. मूल दुसऱ्या देशात कुणाकडे ठेवायचं, तर त्या देशातल्या अधिकाऱ्याने आधी घर बघायचं आणि होकार कळवायचा. होकार नसेल तर मूल आहे तिथेच राहणार. कादंबरी रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची, मी कधी येऊ? तनुजा म्हणायची, येशील हं, आणि फोन ठेवून ओट्याशी रडायची.

परदेशी लोकांना मुलांसाठी काय काय लागतं ते सगळं तिने नेटवर वाचून काढलं. वेगळी खोली. वेगळा बेड. शांतता. हाताने भरवायचं नाही. कात्रजच्या त्यांच्या फ्लॅटमधली दुसरी बेडरूम आप्पांची होती. मग सकाळपासून तिथून आप्पांची खाट गेली, चंची गेली, धोतरं गेली, आणि शेवटी आप्पा गेले. नवरा, विश्वजीत, म्हणाला की अधिकारी मॅडम घर बघायला येतायत, हॉटेल नाही. ती म्हणाली, तू कांदेपोहे करू नकोस म्हणजे झालं, आपण मुलगी दाखवत नाही आहोत. पोहे तोवर झाले होते.

मॅडम स्कूटीवरून आल्या होत्या. हातातलं हेल्मेट कुठे ठेवू म्हणाल्या, तर हॉल इतका आवरलेला होता की कुठेही ठेवलं तरी पसारा वाटला असता. शेवटी त्यांनी ते मांडीवर घेतलं. मग खोली बघितली. नव्या गादीचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. "शोरूमसारखं."

तनुजाने थँक्यू म्हटलं.

तुम्ही दोघं नोकरीला, मग मुलगी शाळेतून आली की घरी कोण, असं मॅडमनी विचारलं. तनुजाने पाठ केलेलं उत्तर दिलं. पाळणाघर लावू, तिथे कॅमेरे आहेत.

"मग ती आहे तिथे काय वाईट आहे?" मॅडम म्हणाल्या. "कॅमेरे तिकडेही असतील."

बोलण्यापेक्षा दाखवावं म्हणून तनुजा उठली. आमचा शंभू बघा, म्हणाली, दोन वर्षांचा आहे, पण एकटा झोपतो, स्वतःच्या बेडवर. तिने दार उघडलं.

बेड रिकामा होता.

बेडखाली बघितलं. कपाटात बघितलं. बाथरूममध्ये, सोफ्यामागे, एकदा तर फ्रिजमध्येही बघितलं. सर्पोद्यानात शंभूच्या मनगटाला पट्टा बांधून फिरणारी ही आई, आणि नेमकं आज, या बाईंसमोर, पोरगं घरातल्या घरात हरवलं. विश्वजीत अनवाणीच जिन्याने खाली पळाला. मॅडमचं पेन कागदावर थांबलं.

आणि स्वयंपाकघरामागून कुजबुज आली. सगळ्या मजल्यांनी ती ऐकली.

"सूनबाई, पोरगं हितं हाय. आत्ता डोळा लागलाय, वरडू नगा."

कडी मॅडमनीच काढली. आप्पा उलट्या बादलीवर बसले होते. शंभू त्यांच्या खांद्यावर पालथा झोपला होता. तनुजा कडी लावायच्या आधीच तो आजोबांमागे सुटला असणार. त्याच्या गालाला पोहे चिकटले होते, आप्पांच्या बोटांनाही. ऊन लागू नये म्हणून दोरीवरचं धोतर त्याच्यावर ओढलं होतं.

हे कोण, असं मॅडमनी विचारलं. प्लंबर म्हणावं, असं क्षणभर तनुजाच्या मनात आलं.

"सासरे," ती म्हणाली.

"राहतात कुठे?"

"इथेच. म्हणजे, ड्राय बाल्कनीत नाही."

मॅडमनी दुसरी बादली उलटी केली आणि आप्पांशेजारी बसल्या. शंभूला कोण भरवतं, कोण फिरवतं, रडला तर कुणाकडे जातो, सगळं विचारून घेतलं. आप्पांनी सगळं कुजबुजत सांगितलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी गॅलरीतून मान हलवून दुजोरा दिला. पोरीची आय बरी होईस्तोवर मी हाय की, असंही आप्पा म्हणाले.

मॅडम बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. पोहे खाल्ले. मग हेल्मेट उचललं.

"तुम्ही मला घर सोडून सगळं दाखवलंत," त्या तनुजाला म्हणाल्या. "आजोबांची खाट परत लावा. होकार मी आजच पाठवते. आणखी कुणी कोंडलंय का कुठे?"

तनुजाने शंभूच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, कोंडलेलं कुणी नाही. ते अगदी खरं होतं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर कादंबरीला सांगितलं. ती पलंगावर उड्या मारून दमली. मग फोन जवळ घेऊन एकेकाला नीट बघायला लागली. मावशी. काका. शंभू. आप्पाआजोबा.

"बायडाआजी कुठंय?" तिने विचारलं.

सगळ्यांनी तनुजाकडे पाहिलं. सासूबाईंना तिनेच पहाटे दगडूशेठच्या दर्शनाला रिक्षात बसवून दिलं होतं. मी फोन करेपर्यंत यायचं नाही, असं बजावून. आणि सासूबाईंचा फोन घरातच, फ्रिजवर चार्जिंगला होता.

म्हणून तनुजा विचारतेय, आत्ता बुधवार पेठेत कुणी असाल, तर दगडूशेठसमोर जरा बघाल का? हिरवं नऊवारी, मांडीवर डबा, नाव बायडाबाई. त्यांना एवढंच सांगा, घर बघून झालं, आता राहायला या.